कावळे नसलेलं बेट

पितृपक्षात आमच्याकडे कुणी चपलांचा जोडसुद्धा विकत घेत नाही. मी आगबोटीची तिकिटं काढली.

कॅलेंडर बघितलं नव्हतं असं नाही. पण बघितलं ते वेंटवर्थव्हिलच्या आमच्या युनिटमध्ये फ्रिजला चिकटवलेलं, घरं विकणाऱ्या एजंटने फुकट वाटलेलं. त्यात शाळांच्या सुट्ट्या होत्या, पब्लिक हॉलिडे होते, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात रस्त्यावर ठेवायचा हेही होतं. तिथी तेवढी नव्हती. सप्टेंबरअखेर सिडनीहून निघायचं, वानुआतूच्या बेटांपर्यंत जायचं आणि परत यायचं. जहाजावर खाणंपिणं, झोपायला खोली, आईला समुद्र. मला तेवढंच दिसलं. आईची दिनदर्शिका तिच्या बॅगेत होती, साताऱ्याहून साडीच्या घडीत घालून आणलेली. ती तिने उघडली दुसऱ्या दिवशी, चारी बाजूंची जमीन दिसेनाशी झाल्यावर.

"परवा सप्तमी आहे," ती म्हणाली.

"कसली?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बाबांची."

नजर चुकवायला मी खिडकी शोधली, पण आमच्या स्वस्तातल्या खोलीला खिडकीच नव्हती. भिंतीवर माशाचं एक चित्र होतं, त्याच्याकडे बघत बसले.

"लोक पितृपक्षात साधी पिशवी नवी घेत नाहीत, आणि माझी लेक मला जलविहाराला घेऊन आली," आई म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही उलट ओरडले असते. भांडणात मी कुणाला हार जाणारी नाही. पण ती त्या चौकोनावर बोट ठेवून नुसती बसून राहिली, आणि मला दरदरून घाम फुटला. कारण बाबांची तिथी विसरणं हा माझा पहिला गुन्हा नव्हता.

ती वर्षंच तशी होती. आम्ही ढिगाने आलो होतो. पंजाबातून, आंध्रातून, गुजरातेतून, आणि थोडेफार आमच्यासारखे पुण्या-साताऱ्याकडचे. कुणी केस कापायला शिकत होतं, कुणी अकाउंटिंग. बी.कॉम. झालेली मी, जिला घरी फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजायला ठेवत, ती शेफ व्हायला आले; कारण शेफला पीआर लवकर मिळतो असं एजंट म्हणाला होता. पीआर म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. दोन खोल्यांच्या युनिटमध्ये आम्ही पाच मुली राहायचो आणि दुसऱ्या कशाबद्दल बोलायचो नाही.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतः बोलले नाहीत. मी ऑस्ट्रेलियाला जाते म्हटल्यावर आई रडली, काकांनी भाषण दिलं, आणि बाबा अंगणात जाऊन सायकलची चेन साफ करत बसले. विमानतळावर म्हणाले, "पोचलीस की मिस्ड कॉल दे." पुढे मी दर रविवारी फोन करायचे तेव्हा तेच उचलायचे. "हं," म्हणायचे. "आईला देतो." एवढंच. त्या "हं"मध्ये राग आहे की माया, हे मी कॉलिंग कार्डाची मिनिटं संपेपर्यंत ओळखू शकायचे नाही.

पहिल्याच सेमिस्टरला ते गेले. सकाळी अंघोळीला गेले आणि न्हाणीतून बाहेर आलेच नाहीत. मी गेले नाही. आधीच तापाने माझे दोन आठवडे बुडाले होते. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की कॉलेज इमिग्रेशनला कळवणार आणि व्हिसा जाणार, हे आम्हाला पाठ होतं. कारण खरं आहे. तरीही ते ज्या ज्या माणसाला सांगितलं, त्याच्या डोळ्यांत बघून सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

दहाव्या दिवशी काकांचा फोन आला. इथे संध्याकाळ होती, मी रेस्टॉरंटच्या मागच्या अंगणात कांद्यांच्या पोत्यावर बसून ऐकत होते. काका नुकतेच माहुलीच्या घाटावरून आले होते. पिंड मांडला, ते सांगत होते, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर दहा-बारा बसलेले, पण एक खाली उतरेना. म्हणजे जीव कशात तरी अडकलेला. मग एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. वहिनीला अंतर देणार नाही. सायकल विकणार नाही. अंगणातला चिकू तोडणार नाही. काही नाही. शेवटी काका हात जोडून म्हणाले, "दादा, पोरीला परत आणतो."

"आणि काय सांगू तुला," काका फोनवर म्हणाले, "शब्द तोंडातून निघायचा अवकाश, झडप घातली त्याने. तेव्हा आता तू समजून घे."

मी समजून घेतलं. फोन ठेवला आणि पुन्हा कांदे कापायला गेले. त्या कामात रडण्याचं कुणाला नवल वाटत नाही.

सिडनीत कावळे पुष्कळ. आपल्याकडच्या कावळ्यांच्या दुप्पट अंगाचे, कुळकुळीत काळे, मानेखाली दाढीसारखी पिसं, आणि डोळे पांढरे. हे मी रंगवून सांगत नाही, त्यांचे डोळे खरोखरच पांढरे असतात. आवाजही काव काव नव्हे. ते ओरडतात आणि शेवटचा सूर आजारी माणसासारखा लांबवत नेतात, आऽऽऽ असा, आणि तो खाली खाली उतरत जातो. आमच्या रेस्टॉरंटमागच्या कचऱ्याच्या डब्यांवर रोज दुपारी एक यायचा. मी पिंपभर उष्टं टाकायला गेले की डब्याच्या कडेवर बसून मान वाकडी करायचा. खायचा नाही. बघायचा.

पहिल्यांदा मी त्याला हाकललं. दुसऱ्यांदा पाठ फिरवली. नंतर नंतर मी पिंप रिकामं करता करता पुटपुटायला लागले, "येते म्हटलं ना, येते." स्टेशनवर, युनिटच्या कौलांवर, कॉलेजबाहेरच्या विजेच्या तारेवर, जिथे ओरडेल तिथे माझे ओठ आपोआप हलायचे. एकदा बरोबरच्या मुलीने विचारलं, "तू किससे बात करती है?" मी म्हटलं, आरती म्हणते आहे. तीन वर्षं मी अशी दिवसातून चार-पाच वेळा खोटं बोलत होते, आणि तेही बापाशी. कारण परत जायचं माझ्या मनात नव्हतं. कधीच नव्हतं. मला इथली मी आवडायला लागले होते. हातात मोठी सुरी घेऊन, दहा जणांच्या ऑर्डरी एकदम ओरडणारी, कुणाला न विचारता केस कापून आलेली. आणि हे आवडणं म्हणजे त्यांना तिकडे घाटावर टांगून ठेवणं होतं.

तिसऱ्या वर्षी आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. बरोबर लसणाची चटणी, मेतकूट आणि काकांचा निरोप. "शिक्षण झालंय, घेऊनच ये तिला." निरोप तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकला आणि नंतर त्याचं नाव काढलं नाही. पाच मुलींचा स्वयंपाक करायची, संध्याकाळी आमचे शिफ्टचे कपडे वाळत घालायची, सगळ्या जणी तिला काकू काकू करायच्या. जहाजाच्या दोन आठवडे आधी माझं पीआरचं पत्र आलं. मैत्रिणी नाचल्या. मी त्यांना शपथ घालून गप्प केलं आणि आईसाठी तिकिटं काढली. निळा समुद्र, पांढरी वाळू, आई खुशीत असताना हळूच सांगून टाकू असा बेत. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड मी बाबांकडून नक्कीच घेतलेली नाही; ती काकांकडची असावी.

सप्तमीच्या सकाळी आई लवकर उठून अंघोळ करून तयार होती. न्याहारीच्या हॉलमध्ये तिने ताटलीत फक्त पांढरा भात घेतला आणि साखर नसलेलं दही. मग बर्गरच्या पावांसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, ते काय?"

"तीळ." ती पावावरचे तीळ नखाने खरवडून रुमालात घेत होती. "काळे पाहिजेत. पण पांढरे तर पांढरे."

"घड्याळ काल एक तास पुढे केलंय. आपली सप्तमी लागली का तरी?" माझा सूर मलाच आवडला नाही.

"ज्यांची आहे त्यांना कळेल."

टेबल चौघांचं होतं, आम्ही दोघी. वेटरने चौथं ताट उचलून नेलं आणि तिसरं तसंच ठेवलं. काल दुपारीही त्याने तेच केलं होतं, रात्रीही. मी त्याला दोन बोटं दाखवली. "नो वरीज," तो हसून म्हणाला आणि पाण्याचे तीन ग्लास भरून गेला. आईने त्या तिसऱ्या ग्लासाकडे पाहिलं आणि भातात दही कालवायला लागली.

तेवढ्यात स्पीकरवर सूचना झाली. जहाजावरचं कुठलंही अन्न, फळ, बी बेटावर न्यायला सक्त मनाई आहे. आईने भाताची मूठ वळली, तिच्यावर तीळ टाकले, कागदी रुमालात गुंडाळली आणि गोळ्यांच्या डबीत ठेवून झाकण लावलं. रक्तदाबाच्या गोळ्या पर्समध्ये सुट्ट्या टाकल्या.

"आई, पकडलं तर दंड होतो. माझ्या पासपोर्टवर काहीतरी येईल."

"तू पुढे चाल. मी तुझ्याबरोबर नाही असं दाखव," ती म्हणाली. मी तिचा हात धरला आणि पुढे चालले. कुणी काही तपासलं नाही.

बेटाला धक्का नव्हता. जहाज खोल पाण्यात थांबलं आणि लहान नावांतून आम्हाला किनाऱ्यावर नेलं. बेट इतकं छोटं की तासाभरात पायी प्रदक्षिणा होईल. पाणी निळं, हिरवं, मग एकदम काचेसारखं. वाळूवर माणसांची जत्रा भरली होती. रंगीत कपड्यांची दुकानं, शंखांच्या माळा, केसांच्या वेण्या घालून देणाऱ्या बायका. एका मोठ्या काळ्या हंड्यात बसून लोक फोटो काढून घेत होते, माणसं शिजवून खाण्याची गंमत म्हणून. आईने तो हंडा बघितला आणि म्हणाली, "यांना दुसरं काही सुचलं नाही?"

एका म्हाताऱ्या बाईकडून तिने शहाळं घेतलं. ती बाई आईच्याच वयाची, फुलाफुलांचा ढगळ झगा घातलेली. आईने तिच्या इंग्रजीत विचारलं, "यू लिव्ह हिअर?"

"नो, मामा." तिने पलीकडच्या मोठ्या डोंगराळ बेटाकडे बोट दाखवलं. "वी लिव्ह देअर. हिअर ओन्ली डे टाइम. शिप गोज, वी गो."

"व्हाय?"

"नो वन स्लीप हिअर. स्पिरिट्स." शहाळं विकताना सांगावं तितक्या सहज तिने सांगितलं.

"भुतं असतात म्हणे इथे," मी आईला म्हटलं. माझ्या हातांवर काटा आला होता, भर उन्हात.

"भुतं कशाला? एवढं इंग्रजी कळतं मला. पितर आहेत म्हणाली ती." आईने शहाळ्यातलं पाणी संपवलं, पर्सवरून एकदा हात फिरवला. "बरं झालं. म्हणजे ऐकायला कुणीतरी आहे."

मी त्या बाईला विचारलं, इथे कावळे आहेत का? तिला शब्द कळला नाही. मी हातांनी मोठा पक्षी दाखवला, काळा म्हटलं, शेवटी सिडनीच्या कावळ्याचा आवाज काढला, तो शेवटी उतरत जाणारा. शेजारच्या दोघी-तिघी खो खो हसल्या. नो, मामाज डॉटर. इथेही नाही आणि तिकडच्या मोठ्या बेटावरही नाही. असला पक्षी आमच्याकडे नसतो.

तीन वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. खरंच आले, मला जाणवलं. आणि लगेच दुसरी भीती: पर्समध्ये पिंड घेऊन निघालेल्या आईला मी हे कसं सांगू?

बेटाच्या मध्यावर गवताची एक लांब मोकळी पट्टी होती, महायुद्धाच्या काळात विमानं उतरवायला केलेली. जत्रेचा आवाज तिथवर पोचत नव्हता. एक माणूस नव्हतं. वारा येत होता आणि गवत एका बाजूला झुकून तसंच राहत होतं, कुणी नुकतंच त्यावरून गेल्यासारखं. आई पुढे, मी मागे. पलीकडच्या किनाऱ्यापाशी एका रुंद पानांच्या झाडाखाली ती बसली.

"आई, इथे कावळे नाहीत."

"माहीत आहे. उतरल्यापासून वर बघतेय."

"मग कशाला ठेवायचं?"

"बस जरा," ती म्हणाली.

मी बसले. समोर समुद्र, त्यात आमचं पांढरं जहाज. यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती आणि याहून वाईट दिवस. दिवसाचा विचार करत बसले तर तोंडाला कुलूपच लागेल म्हणून मी भडाभडा बोलून टाकलं. पीआर आला. दोन आठवडे झाले. मी परत येणार नाही. काकांनी घाटावर शब्द दिला तो मला विचारून दिला नव्हता, पण मोडणारी मी आहे. बाबा अडकून पडले तर माझ्यामुळे पडतील आणि तरीही मी येणार नाही. मग कावळ्यांचंही सांगितलं. डब्यावरचा, कौलावरचा, तारेवरचा, पांढऱ्या डोळ्यांचा. मी रोज त्यांच्याशी काय बोलते तेही. सांगताना माझा आवाज किरटा झाला होता, लहानपणी मार चुकवताना व्हायचा तसा.

माझं संपल्यावर आईने विचारलं, "काकांनी तुला फोनवर नेमकं काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं. झडप घातली, इथपर्यंत.

"कावळा शिवलाच नाही," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझा मामा होता तिथे. त्याने त्याच दिवशी घरी येऊन मला सांगितलं. काकांनी तुझं नाव घेऊन शब्द दिला, त्यालाही तास उलटला. एक खाली आला नाही. ऊन चढलं, लोकांना कामं होती. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. त्या गवताच्या कावळ्याने पिंडाला शिवलं, आणि सगळे घरी आले."

शास्त्रात तशी सोय आहे हे मला ठाऊक होतं. कावळा आलाच नाही तर गवताचा करायचा. पण ती सोय माझ्या घरात वापरली गेली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काका समोर असते तर त्या निळ्या पाण्यात ढकलून दिले असते.

"तीन वर्षं, आई! तीन वर्षं मी त्या पक्ष्यांची माफी मागत फिरतेय. आणि तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती समुद्राकडे बघत होती. "मला तू परत यायला हवी होतीस," ती म्हणाली. "काका खोटं बोलले ते त्यांच्यापाशी. पण मला ते खोटं उपयोगाचं होतं. तू फोनवर रडायचीस तेव्हा दहादा ओठांवर आलं. वाटायचं, राहू दे. या भीतीने तरी येईल."

माझ्या आईला मी त्याआधी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. तिचा राग करायला मी जागा शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती.

"मग बाबांना हवं काय होतं?"

"मला काय माहीत?" ती एकदम चिडली. "भाजीत मीठ कमी पडलं हेसुद्धा मला त्यांच्या ताटात उरलेल्या भाजीवरून कळायचं. सगळे मला विचारतात, त्यांची इच्छा काय होती, इच्छा काय होती. त्या माणसाने सांगायला नको?" मग जरा वेळाने म्हणाली, "पण मी घाटावर असते तर एक गोष्ट बोलून बघितली असती. आपल्यात बायकांना नेत नाहीत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"काय बोलली असतीस?"

ती उठली. झाडाचं एक रुंद पान तिने पुसून वाळूत ठेवलं, डबी उघडली. भाताचा गोळा एका बाजूने चपटा झाला होता, तो तिने हाताने नीट केला.

"दक्षिण कुठली?"

"आपण दक्षिणेतच आहोत, आई. अख्खा देशच दक्षिणेला आहे."

"मग तोंड कुठेही केलं तरी चालेल," ती म्हणाली आणि पदर खांद्यावरून घेतला. मी तिच्यामागे उभी राहिले. वारा पडला होता. कुणीतरी लक्ष देऊन ऐकत असल्याची इतकी दाट जाणीव मला त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. डब्यावरच्या त्या पक्ष्याची भीती याच्यापुढे पोरकट होती. पाठ थंडगार पडली, मागे बघायचा धीर होईना.

"अहो," आई म्हणाली. बाबांना ती स्वयंपाकघरातून हाक मारायची तोच आवाज, तेवढाच मोठा. "ऐकताय ना? पोरगी येणार नाही. ती तिथेच घर करतेय. बरी आहे, खाऊनपिऊन आहे. तुम्ही तिची वाट बघू नका आता. सुटा."

मग तिने डबी बंद केली, हात झटकले. "चल. मागे बघू नकोस."

"काही शिवतंय का बघायचं नाही?"

"नाही. शिवायची वाट बघत बसले म्हणून तर हे सगळं झालं."

मी मागे बघितलं. सांगितलेलं ऐकणं माझ्या रक्तात नाही. पानावर भात होता तसाच होता, आणि त्या सगळ्या किनाऱ्यावर कुणीही नव्हतं. मघाची ती जाणीव गेली होती. मी थांबून, अंग चोरून, ती पुन्हा होतेय का बघितलं. वारा आला, गवत झुकलं, सरळ झालं. नुसतं गवत.

मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. गवताच्या पट्टीवरून परत येताना मला हुंदके फुटले, बाबा गेल्यावर कधीच फुटले नव्हते तसले, मोठ्याने, लाज सोडून. तीन वर्षं कुणीतरी माझी वाट बघत होतं. रोज, प्रत्येक तारेवर बसून. मी त्याला भीती म्हणत होते आणि त्याच्याच आधाराने राहत होते. आता बाबा खरोखर मेले होते.

आईने मला रडू दिलं. दुकानांपाशी आल्यावर त्या म्हाताऱ्या बाईने न विचारता एक शहाळं फोडून माझ्या हातात दिलं आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. जहाजाचा भोंगा झाला. बायका सामान गुंडाळायला लागल्या, होड्या ओढायला लागल्या. त्यांना काळोखाआधी पलीकडे पोचायचं होतं.

परतीच्या नावेत आई माझ्या शेजारी बसली. तोंडावर पाणी उडत होतं, ती पदराने चष्मा पुसत होती. जहाज जवळ येत होतं आणि मला एकाएकी फार घाई झाली, काहीतरी देऊन टाकायची.

"आई, मी दर वर्षी येईन गं. नक्की येईन."

"ये की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, कुणावर रुसलीय असंही नव्हतं. चष्मा डोळ्यांना लावून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "फक्त यायच्या आधी कळव. मी कुठे गेलेले असले तर घराला कुलूप असेल."

साताऱ्याच्या त्या घरात मी जन्मात कधी कळवून गेले नव्हते.

"कळवीन," मी म्हटलं.